उत्तर उताऱ्यातच असतं का?

‘उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ हा तिसरी-चौथीच्या चाचणीतला हक्काच्या गुणांचा प्रश्न मानला जातो. उत्तर समोरच छापलेलं असतं, मुलानं ते शोधून उतरवायचं, एवढंच. या समजापायी हा प्रश्न फक्त सोडवून घेतला जातो, शिकवायचा राहून जातो.

हे वाक्य पाहा: ‘काल एक मिरका ढुबळ्यात फुरमटला.’ प्रश्न: मिरका कुठे फुरमटला? उत्तर: मिरका ढुबळ्यात फुरमटला. पैकीच्या पैकी गुण! यातले तीन शब्द मी आत्ताच रचले आहेत, त्यांना काहीही अर्थ नाही. तरी ‘कुठे’ दिसलं की ‘त’ लागलेला शब्द उचलायचा आणि ‘कोणी’ दिसलं की ‘ने’ लागलेला, ही युक्ती मुलांना फार लवकर साधते. त्यात मुलांचा काही दोष नाही. आपण प्रश्नच तसे काढतो.

आता दुसरा उतारा. ‘आजीने अंगणात कुरडया वाळत घातल्या. दुपारी आभाळ भरून आलं. आजीने हाक मारली, तशी सगळी मुलं अंगणात धावली.’ मुलं अंगणात का धावली? ‘आजीने हाक मारली म्हणून’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. पाऊस येणार, कुरडया भिजतील, म्हणून त्या उचलायला मुलं धावली. आणि ‘पाऊस’, ‘भिजणं’, ‘उचलणं’ यांपैकी एकही शब्द उताऱ्यात नाही. अमेरिकेतल्या वाचनशिक्षणाच्या अभ्यासक टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची वर्गवारी केली ती याच मुद्द्यावर: उत्तर एकाच वाक्यात आहे, दोन-तीन ठिकाणचं जोडून मिळतं, लिहिलेल्यात स्वतःची भर घालून मिळतं, की केवळ स्वतःच्या अनुभवातून द्यायचं आहे? चौथीच्या मुलाला हे चार प्रकार सहज कळतात. त्याला कुणीतरी ते सांगायला मात्र हवेत.

कुरडयांच्या उताऱ्यात आणखी एक अडचण दडलेली आहे. ज्या मुलानं वाळवण कधी पाहिलेलंच नाही, त्याला भरलेल्या आभाळाची काळजी कशी कळणार? ते मूल वाचनात कच्चं आहे, असा शेरा मारण्याआधी थांबायला हवं. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कमी, पण खेळ माहीत असलेल्या मुलांना ते वर्णन जास्त नीट सांगता आलं. वाचनात हुशार, पण खेळ माहीत नसलेली मुलं मागे पडली. म्हणून उताऱ्याआधी त्या विषयावरच्या पाच मिनिटांच्या गप्पा मला अत्यावश्यक वाटतात.

‘घडाघडा वाचतो, म्हणजे कळतंच’ हाही असाच पक्का बसलेला समज. देवनागरीत अक्षरं आणि मात्रा एकदा जमल्या की अनोळखी शब्दही मोठ्यानं वाचता येतो, त्यामुळे मराठीत ही फसगत जास्त होते. गफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये मांडलं की वाचनाचं आकलन हा अक्षरओळख आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणारं मूल प्रमाण मराठीतला उतारा अस्खलित वाचतं आणि प्रश्नापाशी गप्प बसतं, तेव्हा काम भाषेवर करायला हवं. त्याला पुन्हा बाराखडीकडे पाठवून काही होणार नाही.

मग उपाय म्हणून सरावाचे उतारे वाढवले जातात. दहाचे वीस होतात. डोलोरस डर्किन यांच्या १९७०च्या दशकाअखेरच्या अभ्यासात अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांमधलं ४,४६९ मिनिटांचं वाचन-अध्यापन पाहिलं गेलं. त्यात आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटं होती साधारण २०. प्रश्न विचारून उत्तरं तपासणं मात्र भरपूर चाललं होतं. शिकवणं म्हणजे बाईंनी फळ्याजवळ उभं राहून स्वतःचा विचार मोठ्यानं बोलून दाखवणं: ‘आभाळ भरून आलंय... आणि कुरडया तर अंगणातच आहेत... अरे, म्हणजे आता काय होईल?’ आणि मुलानं उत्तर दिलं, बरोबर असो वा चूक, की विचारायचं, ‘हे तुला कशावरून वाटलं?’ त्यावर मूल ओळीवर बोट ठेवून बोलू लागतं.

शेवटी कोऱ्या जागेबद्दल. उत्तर लिहिलं नाही म्हणजे कळलं नाही, असं धरून चालू नये. तोच प्रश्न तोंडी विचारून पाहावा. उत्तर फटकन आलं, तर अडचण लिहिण्यात आहे. तिथे उत्तर आधी शेजारच्या मुलाला सांगणं, ‘का’च्या उत्तरात ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ यायला हवं हे दाखवणं, प्रश्नातलेच शब्द घेऊन वाक्य सुरू करून देणं उपयोगी पडतं. तपासतानाही हा भेद ठेवावा. ‘पाउस येनार होता म्हनून’ एवढंच लिहिणाऱ्या मुलाला अर्थ कळलेला आहे, त्याला आकलनाचे पूर्ण गुण द्यावेत. ‘पाऊस’ आणि ‘येणार’ कसं लिहायचं हे शुद्धलेखनाच्या तासाला शिकवता येतं.