मोटारीच्या दाराला मोटार

मराठीत ‘मोटार’ या शब्दाने दोन घरे केली आहेत. रस्त्यावर धावते तीही मोटार आणि विहिरीवर पाणी उपसते तीही मोटार. आता या दोघींची गाठ पडली आहे. मोटार ठेवायच्या खोलीचे दार उघडायला मोटार! धाराशिवातल्या नव्या वसाहतींतून हिंडलात, तर खाली गाडीची जागा, वर घर आणि पुढे लोखंडी फाटक अशी घरे दिसतात. आणि त्यांतल्या एखाद्याचे फाटक गाडी येताच आपोआप बाजूला सरते. शेजारी तोंडात बोट घालतात आणि घरी जाऊन हिशेब मांडू लागतात.

आमच्या घरीही तो मांडला गेला. माझी साठी उलटलेली, सौ.चा उजवा खांदा धरलेला, आणि गाडीच्या खोलीला दहा फूट रुंदीचे शटर. ते वर ढकलायचे म्हणजे रोज सकाळी मल्लखांबच.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ साली वर उचलले जाणारे दार काढले आणि १९२६ मध्ये त्याला वीज जोडली. पण रोज मोठे दार ओढण्याचा कंटाळा काही अमेरिकेचा नव्हे. आपल्या वाड्यांना आणि गढ्यांना दिंडी होतीच की! मोठा दरवाजा बैलगाडीसाठी, दिंडी माणसांसाठी. रात्री आतून अडसर सरकवला की निर्धास्त झोप.

बाजारात चौकशी केली तेव्हा पहिली गोष्ट कळली, ती ही की मोटारीच्या आधी दार पाहायचे असते. दोन पाखांच्या फाटकाला लोखंडी हात बसवतात. सरकत्या फाटकाला खाली दातेरी पट्टी जोडून मोटारीच्या चाकाने ओढतात. शटरला वरच्या दांड्यावर मोटार चढवतात. दुकानदार फाटकाचे वजन विचारतो आणि पाचशे किलोची, आठशे किलोची मोटार दाखवतो. आपण मात्र आधी फाटक हाताने ढकलून पाहावे. ते घरातल्या बाईमाणसाला एका हाताने सरकत नसेल, तर मिस्त्रीला बोलावून चाके आणि रूळ नीट करून घ्यावेत. शटरचेही तेच. त्याचे वजन पेलते ती स्प्रिंग. मोटारीने फक्त ढकलायचे असते. स्प्रिंग सैल पडलेल्या शटरला मोटार लावणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकणे.

आम्ही एक मोटार जवळजवळ पसंत केली होती. चित्रांचे पुस्तक घरी आले, सर्वांनी ते पाहिले. आमच्या आत्याबाई त्या वेळी मुक्कामाला होत्या. त्यांनी चष्मा पुसला, चित्रे पाहिली आणि विचारले, “लाईट गेल्यावर हे दार आतून हातानं उघडतंय का न्हाई?”

दुकानदाराने हे सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

आत्याबाई उमरगा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सात हजारांवर माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. हालल्याबरोबर घरे आतल्या माणसांवर बसली. आत्याबाईंच्या घराची चौकट तिरपी झाली आणि कडी निघेना. त्या बाहेर आल्या त्या पडलेल्या भिंतीच्या खिंडारातून. तेव्हापासून कोणत्याही घरी गेल्या की आधी दाराची कडी पाहतात.

त्यांची शंका खेडवळ म्हणून कोणी हसू नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि गाडीच्या खोलीचे जड दार हाताने उचलता न आल्याने माणसे अडकली. त्यानंतर त्या राज्याने कायदाच केला : १ जुलै २०१९ पासून घरगुती दाराच्या नव्या यंत्राला बॅटरी हवीच.

आमचा बेत मग पुन्हा पहिल्यापासून झाला. प्रत्येक यंत्राला मोटार दारापासून सोडवण्याची काही तरी सोय असते. कुठे किल्ली, कुठे ओढायची दोरी, कुठे साखळी. ती विकत घेण्यापूर्वी स्वतः चालवून पाहावी, तीही घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडून. खोलीला दुसरे दार नसेल तर ही सोय आतून हवी आणि बाहेरूनही हवी. नाही तर वीज गेली की गाडी आत आणि आपण रस्त्यावर. बॅटरीवर चालणारी मोटार आमच्याकडे सोयीची, कारण विजेचा दाब उन्हाळ्यात कधी खाली बसेल याचा नेम नाही. मात्र बॅटरीही म्हातारी होते. काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च आधीच धरावा.

मुले असतील त्या घराने आणखी एक पाहावे. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, वाटेत कोणी आले तर दार मागे फिरलेच पाहिजे, असा नियम आहे. त्यासाठी जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन्ही बाजूंना प्रकाशाचे डोळे बसवतात. आपल्याकडच्या पुष्कळ शटरच्या मोटारींना हे डोळे नसतात. ते मागून घ्यावेत, आणि बसवल्यावर दीड इंच जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी टाकून दार खाली सोडावे. फळीला टेकून ते वर फिरले तर ठीक. नाही तर मिस्त्रीला पैसे देऊ नयेत. कळ पाच फूट उंचीवर असावी. हातातले बटण प्रत्येक वेळी संकेत बदलणारे घ्यावे. ठरलेल्या एकाच संकेताची नक्कल चोराला करता येते.

आम्ही शेवटी बॅटरीची मोटार घेतली. साखळी आत्याबाईंनी स्वतः ओढून शटर उघडले, तेव्हाच मिस्त्रीला चहा मिळाला.

समोरच्या गृहस्थांनाही आता मोटार हवी होती. त्यांचे फाटक आठ फुटांचे, दोन पाखांचे, आणि बिजागऱ्या गंजलेल्या. मी त्यांना आधी तेल घालायला सांगितले. आता त्यांची नात ते एका हाताने उघडते, आणि मोटारीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.