२७ मोठे की २९?

सायकलची २७ इंची रिम आणि २९ इंची रिम, दोन्हींवरचे टायर उतरवून मापा. मोठी निघते ती २७ इंची! टायरची कड जिथे बसते तिथे तिचा व्यास ६३० मिलिमीटर, २९ इंचीचा ६२२. त्यातही गंमत अशी की डोंगरी सायकलचे २९ इंची चाक, जर्मनीत २८ इंची म्हणून विकले जाणारे चाक आणि रेसिंग सायकलचे ७००सी, या तिन्ही नावांमागे रिम एकच.

इंचांचा आकडा मुळात रिमचा नव्हताच; तो हवा भरलेल्या टायरसकट अख्ख्या चाकाच्या उंचीचा. दूधवाल्याची जुनी काळी सायकल घ्या. तिच्या टायरवर २८ × १ १/२ असे लिहिलेले असते. दीड इंच वरचा, दीड खालचा, असे तीन इंच टायरचे गेले. उरले २५ इंच, म्हणजे बरोबर ६३५ मिलिमीटर. तिची रिम नेमकी तेवढीच असते. हिशेब चोख. (तिला ‘बावीस इंची’ म्हणतात ते माप फ्रेमचे, चाकाचे नव्हे.)

फ्रेंचांनी हेच मिलिमीटरांत केले. ७०० हा चाकाचा बाहेरचा व्यास, पुढचे अक्षर टायरच्या जाडीचे. बाहेरचे माप तेच राखायचे, म्हणून टायर जाडावेल तशी रिम लहान : ए ६४२, बी ६३५, सी ६२२. पुढे सीच्या रिमवर २५ मिलिमीटरचे सडपातळ टायर आले. चाक ६७२वर उतरले, नाव मात्र ७००च राहिले. त्याच रिमवर सव्वादोन इंची टायर चढवले तेव्हा चाक २९ इंचांच्या घरात गेले आणि त्याचे नव्याने बारसे झाले.

२६ इंचीची तऱ्हा आणखी न्यारी. २६ × १.७५ची रिम ५५९ची, २६ × १ ३/४ची ५७१ची. गणिताच्या वहीत दोन्ही सारखे, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

टायर उजेडात तिरका धरला की त्याच्या बाजूवर उठावाचे बारीक आकडे दिसतात : ३७-६२२ किंवा ४०-६३५. आयएसओ ५७७५ या मानकाचे हे माप. आधी जाडी, मग रिमचा व्यास. जाडीत थोडे मागेपुढे चालते, व्यासात मुळीच नाही. ६२२चा टायर ६३५च्या रिमवर चढता चढत नाही. उलट ६३५चा ६२२वर हातानेच बसतो, पण चार पंप मारताच एका बाजूने कड रिमबाहेर सरकते, फटीतून ट्यूब फुग्यासारखी डोकावते आणि फाट् करून फुटते.