मुळशीतील करसवलतीची शैक्षणिक बचत : १९६८ ते २०२४

मुलांच्या उच्च शिक्षणासाठी करसवलतीसह पैसा साठवण्याची टिकाऊ सोय भारतात १ जुलै १९६८ रोजी सुरू झालेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीमुळे (पीपीएफ) झाली. योजना केवळ शिक्षणासाठी नव्हती. पण पंधरा वर्षांची मुदत आणि अज्ञान मुलाच्या नावे खाते काढण्याची मुभा यांमुळे पालकांना ती सोयीची ठरली. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत तिच्यावर १२ टक्के व्याज मिळत होते.

भातशेतीवर जगणाऱ्या मुळशी तालुक्याला त्यातील करसवलतीचा उपयोग बेताचाच होता, कारण शेतीचे उत्पन्न मुळातच आयकरमुक्त. वजावटीचा लाभ मिळे तो कर भरणाऱ्या नोकरदारांना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभे राहू लागले आणि असा वर्ग तालुक्यात वाढला. २००५-०६ पासून कलम ८० सीखाली एक लाखाची, तर २०१४-१५ पासून दीड लाखाची वजावट मिळू लागली. दोन मुलांची शिकवणी फी, म्हणजे शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण शुल्कही, याच मर्यादेत बसते.

२२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे टपाल कार्यालयात किंवा बँकेत खाते काढून पंधरा वर्षे पैसे भरायचे. मुदत एकवीस वर्षांची. भरणा, व्याज आणि अंतिम रक्कम या तिन्हींवर सवलत. वार्षिक किमान भरणा २०१८ मध्ये १,००० वरून २५० रुपयांवर आणल्याने अल्प उत्पन्नाच्या घरांनाही खाते चालू ठेवणे जमू लागले. त्या महिन्याचे व्याज पदरात पडायचे तर भरणा पाच तारखेच्या आत करावा लागतो. मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की प्रवेशाचा पुरावा दाखवून आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मात्र प्रत्यक्ष शुल्काहून जास्त नाही.

व्याजदर सुरुवातीला ९.१ टक्के होता. तो एप्रिल २०२० मध्ये ७.६ पर्यंत घसरला आणि जानेवारी २०२४ मध्ये ८.२ वर आला. हा दर कायम राहिल्यास दरमहा हजार रुपयांचे, म्हणजे एकूण १ लाख ८० हजारांचे, मुदतीअखेर साधारण साडेपाच लाख होतात. तालुक्यातीलच लवळे येथील खासगी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांत असल्याने एवढ्या रकमेवर तेथील पूर्ण पदवी होणे कठीण. सरकारी वा अनुदानित महाविद्यालयासाठी मात्र ती भक्कम ठरते.

मुलग्यांसाठी पीपीएफ राहिलाच. १८ सप्टेंबर २०२४ रोजी मुलगा-मुलगी दोघांसाठी एनपीएस वात्सल्य योजना आली. तीन वर्षांनंतर शिक्षणासाठी स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत पैसे काढण्याची तरतूद तिच्यात ठेवली गेली. पण तिचा मूळ हेतू निवृत्तिवेतनाचा आहे.

दरम्यान २०२० मध्ये आलेली नवी करप्रणाली २०२३-२४ पासून मूळ पर्याय झाली. तिच्यात कलम ८० सीची वजावट नाही. त्यामुळे ती स्वीकारणारा हिंजवडीचा नोकरदार आणि शेतीवर जगणारा मुळशीकर या बाबतीत एका पातळीवर आले : भरण्यावर सवलत दोघांनाही नाही, सुकन्या व पीपीएफचे करमुक्त व्याज मात्र दोघांनाही आहे.