शिलकीची अंडी

परसात दहा-बारा कोंबड्या असल्या की विकायला किती अंडी निघतात, असं लोक विचारतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी देते, त्यामुळे गुणाकार सोपा वाटतो. पण त्यातली काही अंडी उबवायला खुडूक कोंबडीखाली जातात, काही घरच्या तव्यावर, काही शेजाऱ्यांकडे, आणि यातून उरतील तीच विकायची असतात. ही वाटणी घरातली बाई रोज करते आणि कुणी ती वहीत लिहीत नाही. आमच्या कनेरगाव नाक्याला मी ती वर्षानुवर्षं करत आले आहे. हा क्रम बिघडला, म्हणजे विकणं पहिलं आणि बाकी सगळं नंतर असं झालं, की दोन वर्षांत खुराडं रिकामं होतं, हे मी आजूबाजूच्या कितीतरी घरांत पाहिलं आहे.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्याच्या टोकाला आहे. पलीकडे वाशिम जिल्हा लागतो, म्हणजे विदर्भ. निजामाचं राज्य आणि वऱ्हाड यांची जुनी हद्दही इथलीच. अकोल्याहून वाशिम, हिंगोली करत नांदेडला जाणारा 161 क्रमांकाचा महामार्ग इथला, आणि अकोला-पूर्णा लोहमार्गावरचं स्टेशनही आहे. त्यामुळे अंड्याचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक गावातलं, ज्याला माझ्या कोंबड्या काय खातात हे ठाऊक असतं. दुसरं वाटेवरचं, जे गाडी थांबवून ‘गावरान आहेत का?’ विचारतं आणि पुन्हा कधी दिसेलच असं नाही.

सकाळी खुराडं उघडलं की सगळ्या कोंबड्या एकदम सोडायच्या नाहीत. एकेकीला धरून पोटाखाली, मागच्या बाजूला हलकेच चाचपायचं. अंडं असेल तर बोटाला कडक लागतं. तिला डालग्याखाली ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. असं न केल्यास ती कडब्याच्या गंजीत किंवा कुंपणाच्या झाडीत घालते आणि मुंगूस आपल्याआधी तिथं पोचतं. एका अंड्यापासून दुसऱ्या अंड्यापर्यंत चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ जातो. म्हणून अंडं घालण्याची वेळ रोज पुढं सरकते, दुपार टळायला लागली की एक दिवस खाडा पडतो. कोणती कोंबडी कितव्या अंड्यावर आहे हे लक्षात ठेवावं लागतं. नव्या तलंगा असल्या तर आणखी लक्ष लागतं, कारण त्या जागा बदलत राहतात.

गोळा केलेलं अंडं मी धूत नाही. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो आतल्या बारीक छिद्रांतून जंतू शिरू देत नाही. धुतलं की तो जातो. माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसते. फार घाण झालेलं किंवा तडा गेलेलं अंडं घरीच, त्याच दिवशी, चांगलं शिजवून. बाकीच्यांवर शिसपेन्सिलीनं तारीख घालून, टोकाची बाजू खाली करून ती ज्वारीच्या गाडग्यात ठेवते. हे गाडगं घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात असतं.

पहिला वाटा उबवणीचा. डझन-दीड डझन अंडी झाली की गावरान कोंबडी खुडूक बसते. अंग फुगवून घरट्यात बसून राहते, हात लावला तर चोच मारते. तिच्याखाली 10 ते 12 अंडी बसतात. ती मध्यम आकाराची, गुळगुळीत, आणि आठवड्याच्या आतली निवडायची. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांच्या आतलीच. सातव्या दिवशी रात्री अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरलं की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. स्वच्छ दिसणारं अंडं काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं कवच फोडतात. भाव चांगला आहे म्हणून या दिवसांतली चांगली अंडी विकून टाकली, तर पुढच्या वर्षी विकायला कोंबडीच उरत नाही.

दुसरा वाटा घरातल्या लेकरांचा, आणि इथं मला कळकळीनं बोलायचं आहे. कित्येक घरांत अंडी बाजारात जातात आणि मुलं वरणभातावर राहतात. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. राज्य सरकारनं नोव्हेंबर 2023मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, आणि जानेवारी 2025मध्ये त्यासाठीचा पैसा बंद केला. शाळेतलं अंडं असं येतं आणि जातं. परसातलं अंडं आपल्या हातात आहे. ते आधी मुलांच्या आणि गरोदर सुनेच्या ताटात पडलं पाहिजे.

तिसरा वाटा शेजाऱ्यांचा. शेजारचं पोरगं दारात येऊन म्हणतं, ‘काकू, आईनं चार अंडे मागितले, सोमवारी देते म्हणली.’ ही अंडी उसनी असतात आणि परत येतात. बाळंतिणीच्या किंवा दुखण्यातून उठलेल्या म्हाताऱ्याच्या घरी पाठवलेल्या अंड्यांचे पैसे कुणी घेत नाही. आणखी एक रीत आहे, अर्धलीची. एकीकडं खुडूक कोंबडी असते पण अंडी नसतात, दुसरीकडं अंडी असतात पण कोंबडी बसत नाही. अंडी एकीची, ऊब दुसरीची, आणि निघालेली पिल्लं निम्मी निम्मी. यात मोठा फायदा असा की दुसऱ्या घरच्या कोंबड्याचं रक्त आपल्या खुराड्यात येतं. एकाच घरात तोच कोंबडा आणि त्याच्याच लेकी वर्षानुवर्षं राहिल्या, तर अंडी कमी फुटतात आणि पिल्लं अशक्त निघतात. त्यामुळे अंडी फिरती ठेवणं हा शेजारधर्म आहेच, पैदाशीचं शास्त्रही तेच सांगतं.

हैदराबादच्या संशोधन संस्थेनं काढलेल्या वनराजा, ग्रामप्रिया किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती आता बऱ्याच परसांत दिसतात. त्यांची अंडी गावरानपेक्षा बरीच जास्त. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून ज्या घरात त्या आहेत तिथंही दोन-तीन गावरान कोंबड्या राखाव्याच लागतात.

आता विक्री. फार्मच्या अंड्याचा भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज सांगते. ही समिती 1982पासून काम करते आणि दुकानातला भाव तिच्याकडं बघून हलतो. गावरान अंड्याला असा जाहीर भाव नाही. ते बहुधा 10 ते 15 रुपयांच्या दरम्यान जातं, थंडीत चढतं, श्रावणात उतरतं. किराणा दुकानदार कमी भाव देतो, पण रोज घेतो आणि बदल्यात साखर-चहापत्ती लगेच मिळते. ढाब्यावाल्याला एकदम जास्त हवी असतात. घरोघरी विकली तर भाव सगळ्यांत बरा, मात्र वेळ जातो. हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. वही-पेन, औषधाची गोळी, माहेरी जायचं बसभाडं त्यातून निघतं.

वाटेवरचं गिऱ्हाईक कवचाचा रंग बघतं. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकल्याच्या बातम्या आल्यापासून तर ते अंडं बोटानं घासून बघतं. कवच तपकिरी असलं म्हणून अंडं गावरान ठरत नाही. बलक गर्द पिवळा होतो तो कोंबडीनं हिरवा पाला, किडे खाल्ल्यामुळे. विचारण्याजोगी गोष्ट एकच, अंडं कधीचं आहे. शंका असेल तर पाण्यात सोडावं. ताजं अंडं तळाशी आडवं राहतं. जुनं होत जाईल तसं आतलं पाणी उडतं, बोथट बाजूची हवेची पोकळी वाढते आणि अंडं उभं राहायला लागतं. तरंगलं तर टाकून द्यावं. वैशाखात आमच्याकडं पारा 40च्या वर जातो. घरात कोंबडा असेल तर अंडी फळलेली असतात, आणि अशा उष्म्यात ती कोंबडीशिवायच आत वाढायला लागतात. म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जुनं अंडं मी विकत नाही.

या सगळ्यावर एका आठवड्यात पाणी पडू शकतं. मानमोडीची साथ आली की गल्लीतली खुराडी एकामागून एक रिकामी होतात. तिची लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला दुसऱ्या लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी 100 किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच-पंधरा पिल्लांसाठी कुणी ती आणत नाही. पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवला तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं. जानेवारी 2021मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा भीती सगळीकडं पसरली. नीट शिजवलेल्या अंड्यातून तो रोग होत नाही, 70 अंश उष्णतेत त्याचा विषाणू मरतो. पण हे सांगायला त्या वेळी गावात कुणी नव्हतं.

2019च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या 31 कोटी 70 लाख भरल्या. 2012पेक्षा हा आकडा जवळपास 46 टक्क्यांनी मोठा होता. एवढं पीक प्रामुख्यानं बायकांच्या हातावर उभं आहे. म्हणून दोन्हीकडच्यांना विनंती. घेणाऱ्यांनो, रंग सोडा, तारीख विचारा, आणि रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. पाळणाऱ्यांनो, आधी उबवणीला ठेवा, मग लेकरांना खाऊ घाला, शेजारी द्या, आणि उरेल तेच विका. लस मात्र सगळी गल्ली मिळून एकाच दिवशी द्या.