बोलकी चित्रे आणि वर्गातील गुरुजन

शब्दाला चित्राची जोड देऊन शिकविण्याची कल्पना नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरावे, त्याची कथा गाऊन सांगावी आणि मग पुढच्या चित्राकडे वळावे, अशी त्यांची रीत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत आणि निवेदक कथा सांगे. संगणकावर निवेदनासह तयार होणारी आजची चित्रमालिका याच कुळातील होय.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या प्रयोगाद्वारे भारतातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. आता प्रोजेक्टर आणि चित्रफिती अनेक शाळांत आल्या आहेत. त्यांचा उपयोग कसा करावा, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यांच्या मते, माणूस डोळ्यांवाटे आणि कानांवाटे अशा दोन मार्गांनी ज्ञान ग्रहण करतो. परंतु प्रत्येक मार्गाची क्षमता मर्यादित असते. पडद्यावर चित्रासोबत भरगच्च मजकूर असला आणि निवेदकही तोच वाचून दाखवू लागला, तर विद्यार्थ्याचे डोळे अक्षरांत गुंततात आणि चित्र निसटते. म्हणून पडद्यावर चित्र व मोजकी नावे असावीत. स्पष्टीकरण आवाजाने करावे.

चित्रफीत कोठे वापरावी आणि स्थिर चित्र कोठे पुरेसे आहे, याचाही विवेक हवा. फुलाचे भाग दाखविण्यास स्थिर चित्र पुरते. हृदयाच्या उजव्या बाजूने रक्त फुप्फुसांकडे कसे जाते आणि डाव्या बाजूने सर्व शरीरात कसे पसरते, हे समजण्यास मात्र हलते चित्र उपकारक ठरते. कारण तेथे गती हाच पाठाचा गाभा आहे.

लांबीचाही विचार करावा. ‘एडेक्स’ या संस्थेच्या चार ऑनलाइन अभ्यासक्रमांतील चित्रफिती पाहण्याच्या सुमारे ६९ लाख सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चित्रफीत कितीही मोठी असली, तरी ती पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यात आढळले. ही पाहणी वर्गातील मुलांची नव्हती, तरी तिच्यापासून बोध घेता येतो. दीर्घ पाठाचे लहान भाग करावेत आणि प्रत्येक भागानंतर थांबून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत.

येथेच शिक्षकाचे स्थान स्पष्ट होते. शेवटच्या बाकावरील मुलाच्या कपाळावरची आठी पडद्याला दिसत नाही. ती गुरुजनांना दिसते. चित्रफीत लावून वर्गाबाहेर जाणे म्हणजे त्या मुलाला एकटे सोडणे होय. म्हणून शिक्षकांना आमची नम्र सूचना आहे की, शक्य असेल तेथे निवेदन आपल्याच आवाजात, मुलांच्या ओळखीच्या भाषेत ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. आणि चित्रमालिका चालू असताना आपली दृष्टी पडद्याकडे नव्हे, तर मुलांच्या चेहऱ्यांकडे असावी.