कॉइलला हवी मोकळी हवा

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात औंढ्याहून वसमतकडे निघालेली जुनी पेट्रोल जीप आधी नीट पळते, मग मिसिंग मारू लागते आणि बंद पडते. बॉनेट उघडून सावलीत उभी केली की पुन्हा सुरू होते. कार्बोरेटरपाशी पेट्रोलची वाफ झाली तरी असं होतं, हे खरं. पण ज्या गाडीत मूळचं इंजिन काढून दुसरं बसवलंय, तिथं माझा पहिला संशय कॉइलवर जातो. नवं इंजिन बसवताना सायलेन्सरचा पाइप बहुधा बाजू बदलतो आणि कॉइल मात्र जुन्याच भोकांवर राहते. मग तो पाइप तिला रोज भाजत असतो.

चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची बॅटरी-कॉइल पद्धत 1910 च्या कॅडिलॅक मोटारीत आली. आपल्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी याच तत्त्वावर धावल्या. पॉइंट बंद असताना कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगला करंट मिळतो.

ही जाड तार तांब्याची असते आणि तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के. वीस अंशांना 3 ओहम असलेली कॉइल शंभर अंशांना जवळपास 4 ओहमची होते. 12 व्होल्टवर 4 अँपिअरचा प्रवाह 3 वर येतो. कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती चाळीस टक्क्यांहून जास्त घटते. गार असताना तपासली तर तीच कॉइल निर्दोष दिसते. म्हणून कॉइल तपासायची तर गरम असतानाच.

तेव्हा तिला सायलेन्सरपासून दूर, हवा लागेल अशा जागी हलवायलाच हवं. पण ती फार लांब नेली, तर डिस्ट्रिब्युटरपर्यंतची जाड वायर लांबते आणि तिच्यातला करंट बॉडीवर उतरायला वाव मिळतो. कॉइलला वीज पुरवणारी प्राथमिक वायर थोडी वाढवली तर एवढं बिघडत नाही, फक्त ती पुरेशा जाडीची हवी. कंडेन्सर मात्र पॉइंटजवळच राहू द्यावा, नाहीतर पॉइंट लवकर जळतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलं असेल तर चेसिसपर्यंत अर्थिंगची जाड पट्टी हवीच. ती राहून गेली म्हणून चांगल्या कॉइली फेकून दिल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

डिस्ट्रिब्युटरच फायरवॉलला अडत असेल तर काम अधिक नाजूक. फोर-स्ट्रोक इंजिनात त्याचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे बॉडी एक अंश फिरवली की टायमिंग दोन अंशांनी हलतं. म्हणून नुसती बॉडी न फिरवता शाफ्ट उपसून दात बदलून बसवावा, बॉडीही तेवढीच फिरवावी आणि मग टायमिंग पुन्हा लावावं. प्लगच्या वायरी आपल्या 1-3-4-2 क्रमातच राहिल्या पाहिजेत.

महाराष्ट्रातल्या अशा कारागिरीचं ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावात लोहारांनी जुन्या सुट्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, ती नियमांत बसत नसल्याचंही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती मिळालीही. दुचाकीचं इंजिन मुळात उघड्या वाऱ्यावर थंड होणारं. अशी इंजिनं बॉनेटखाली घालणाऱ्याने वाऱ्याची वाट आधी आखावी, वायरी मग ओढाव्यात.

नियमांचा मुद्दा हिंगोलीच्या एमएच-38 पासिंगच्या गाड्यांनाही लागू आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. आरसीवर कॉइलच्या जागेची नोंद नसते, इंजिन क्रमांकाची असते. त्यामुळे इंजिन बदलायचं असेल तर हत्यारांना हात लावण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावी.