गौरीची वस्त्रे : पेटीतली आणि काचेआडची

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. या माहेरवाशिणींच्या साजशृंगारासाठी इंद्रायणीकाठच्या चऱ्होलीतही माळ्यावरची जुनी पेटी खाली उतरते. जरीकाठी साड्या, खणाच्या चोळ्या, गौरींच्या बाळांची अंगडी-टोपडी, मण्यांची तोरणे. एकेका टाक्यात कुणा आजीची, पणजीची सेवा गुंफलेली असते.

चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, वाड्यांतील बिऱ्हाडे सदनिकांत गेली. नव्या घरात जागा मोजकी. तेव्हा ही पेटी ठेवावी की काढून टाकावी, असा प्रश्न अनेक गृहिणींपुढे उभा राहतो.

जुने म्हणून अडगळीत गेलेल्याचे मोल पुण्यातील एका रसिकाने ओळखले होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, गावोगाव हिंडून वस्तू जमविल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज दिवे, अडकित्ते, भांडी यांच्याबरोबर भरतकामाची वस्त्रेही नांदत आहेत. त्यांतील कितीतरी वस्तू सामान्य घरांतल्याच होत.

मणीकामाचे कौशल्य जवळून पाहावे. काठेवाडच्या जुन्या मोतीभरतात तीन-तीन मणी ओवून, सुई मागच्या मण्यातून परत काढीत जाळी विणली जाई. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी व्हेनिसचे काचमणीही येत. पण मणी टिकतो, सुती दोरा कुजतो. एक दोरा तुटला की सारी नक्षी ओघळते.

संग्रहालयातील वस्त्र सुरक्षित राहते खरे; पण ते पुन्हा देवाच्या अंगावर चढत नाही. घरातील वस्त्र वर्षातून तीनच दिवस लेवविले जाते, तरी ते जिवंत असते. म्हणून पहिले राखणदार आपणच, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी फार खटाटोप नको. जरीला पाणी लावू नये, वस्त्र धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावे आणि घडी दरवर्षी बदलावी. दोरा जीर्ण झाल्यास जुनी वीण उसविण्यापूर्वी नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यावी. हळद-कुंकू वाहताना निऱ्यांवर सांडणार नाही, एवढे जपावे.

आणखी एक गोष्ट संग्रहालयाकडून शिकावी. तेथे वस्तूशेजारी तिची ओळख सांगणारी चिठ्ठी असते. आपल्या पेटीत ती नसते. टोपडे कुणी शिवले, खण कुणाच्या माहेरचा, हे घरातील वडीलधाऱ्या बाईंनाच ठाऊक असते, आणि त्यांच्याबरोबर ते जाते. यंदा गौरींना निरोप दिल्यावर पेटी मिटण्याआधी त्यांना जवळ बसवावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. पुढल्या भाद्रपदात पेटी उघडेल, तेव्हा त्या हातांचे नावही घरात उच्चारले जाईल.